शब्दाची रुजुवात

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मनुष्यापुढे दिवसातून दहा वेळा तरी असा प्रसंग येतो की, समोरून आलेला शब्द ‘हो’ असेल तर एक वाट धरावी, ‘ना’ असेल तर दुसरी धरावी, आणि या दोहोंपैकी काहीच नसेल तर... येथे तो क्षणभर थबकतो, आणि चहा निवत असल्यामुळे म्हणा किंवा काम आजच्या आज हातावेगळे करावयाचे असल्यामुळे म्हणा, सुचेल ते लिहून पुढे जातो. त्या क्षणभराच्या थबकण्यावर हे पुस्तक आहे. शब्द पाहून वाट निवडणे ही बाब इतकी किरकोळ असता तिच्यावर स्वतंत्र पुस्तक कशाला, असे संध्याकाळच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला विचारले होते; त्या वेळी मी काही बोललो नाही, कारण उत्तर लांबणारे होते आणि वर्गाची वेळ संपली होती. ते उत्तर येथे देण्याचा विचार आहे.

शब्द आपल्याला जितका जवळचा तितकाच तो यंत्राला परका आहे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. ‘हो’ हा शब्द पाहताना आपण त्यातील अक्षरे मोजीत बसत नाही. शब्दाचा चेहराच ओळखतो, आणि तो घाईघाईने लिहिलेला असो, ‘होय’ असा लांबविलेला असो किंवा त्याच्यापुढे शाईचा ठिपका पडलेला असो, आपल्या ओळखण्यात यत्किंचितही अंतर पडत नाही. यंत्राच्या लेखी मात्र ‘हो’ म्हणजे २३६१ आणि २३७९ अशा लागोपाठ मांडलेल्या दोन संख्या होत. युनिकोडच्या तक्त्यात ‘ह’ या अक्षराच्या वाट्याला पहिली संख्या आलेली आहे आणि ओकाराच्या चिन्हाच्या वाट्याला दुसरी. दोन शब्द सारखे आहेत की नाहीत हे ठरवावयाचे म्हणजे संख्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडून पहिलीशी पहिली, दुसरीशी दुसरी असा मुकाबला घ्यावयाचा, आणि एका जागी जरी फरक आढळला तरी शब्द भिन्न असा निवाडा द्यावयाचा. जुन्या दप्तरखान्यांत मूळ कागद आणि त्याची नक्कल यांची जी रुजुवात घेत, तिच्याच जातीचे हे काम आहे. परंतु तेथला कारकून नकलेत एक वेलांटी ऱ्हस्व पडली म्हणून नक्कल फेटाळून लावीत नसे, आणि हा कारकून लावतो.

उलटपक्षी, संख्या पाहून वाट निवडणे यंत्राला हातचा मळ आहे. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास जी सी भाषा घडविली, तिच्यातील स्विच हे वाक्य केवळ पूर्णांक स्वीकारते. त्याच्यापुढे शब्द ठेवला तर कंपायलर तो दारातूनच परत करतो. पूर्णांक असला की कंपायलरला वाटांचे एक कोष्टक मांडता येते, आणि तिसऱ्या क्रमांकाचे काम आले तर कोष्टकातील तिसऱ्या खणातला पत्ता उचलून थेट तेथे उडी घेता येते; वाटा शंभर असल्या तरी शंभर दारे ठोठवावी लागत नाहीत. शब्दांसाठी सी भाषेने निराळी तजवीज केली आहे, ती म्हणजे स्ट्रकम्प नावाचे फंक्शन. हे फंक्शन दोन शब्द घेते आणि ते सारखे असतील तर शून्य परत देते. पण सी भाषेत शून्य म्हणजे ‘खोटे’, त्यामुळे ‘हे दोन शब्द सारखे असतील तर’ अशा भावनेने नवशिका जे लिहितो, ते यंत्र ‘सारखे नसतील तर’ असे वाचते. शब्दकोशात या दोन शब्दांपैकी आधी कोण येईल आणि मागून कोण, असा प्रश्न या फंक्शनला विचारलेला असतो, आणि मागेपुढे कोणीच नाही याला शून्य हेच रास्त उत्तर आहे. हे एकदा उमगले म्हणजे पुन्हा चूक होत नाही. तथापि, उमगेपर्यंत प्रत्येक पिढीने येथे ठेच खाल्लेली आहे, आणि माझ्या अंगठ्यावरही तिची खूण आहे.

शब्दाला संख्येचे वाहन शोधावे लागण्याचा प्रसंग संगणकाबाहेर आपल्या टपालखात्यावरही येऊन गेला होता. रेल्वेच्या टपालडब्यात रात्रभर उभा राहून पत्रांची वाटणी करणारा मनुष्य पत्त्यातील गावाचे नाव वाची आणि समोरच्या खणांपैकी योग्य त्या खणात पत्र टाकी. म्हणजे शब्दावरून वाट निवडण्याचेच काम तो धावत्या गाडीत करीत असे. नावे येत ती नाना लिप्यांत आणि इंग्रजीच्या नाना स्पेलिंगांत. आणि एकाच नावाची गावे तरी किती! नुसते वडगाव घेतले तरी मावळातले निराळे, शेरीचे निराळे, बुद्रुक निराळे आणि खुर्द निराळे. बुद्रुक म्हणजे थोरले व खुर्द म्हणजे धाकटे, ही फारसी शेपटे आमच्या पूर्वजांनी गावांच्या नावांना जोडली, ती नुसत्या नावाने वाट ठरेना म्हणूनच. अखेर १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याची योजना केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. आणि हे वेलणकर संस्कृतचे गाढे व्यासंगी व स्वतः संस्कृतात रचना करणारे कवी होते. शब्दांच्या उपासकानेच पत्रावरील शब्दाच्या मदतीला संख्या आणून बसवावी, यात मला मोठी मौज वाटत आली आहे. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वाटणीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपालकचेरीचे. म्हणून ४११ म्हटले की पुणे, आणि ४११०३० म्हटले की सदाशिव पेठ. परंतु ४११०३० हीच संख्या नारायण पेठेचीही आहे, आणि दोन्ही पेठांत मिळून किती वाडे, किती जिने आणि किती जोशी! संख्येने पत्र बिनचूक कचेरीपर्यंत आणून सोडले तरी तेथून पुढे पोस्टमनला नाव वाचावेच लागते.

हीच दुहेरी व्यवस्था पुढे जावा भाषेच्या कर्त्यांनी पत्करली. १९९६ साली जावाची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तिचा स्विच सी भाषेच्याच वळणाचा, म्हणजे संख्यांपुरता होता. शब्दांना त्यात प्रवेश मिळाला तो जुलै २०११ मधील सातव्या आवृत्तीत. सी-शार्प भाषेने ही मुभा आरंभापासूनच दिलेली होती. मधल्या पंधरा वर्षांत जावा लिहिणारे लोक इफ आणि एल्स यांच्या शिड्या बांधीत राहिले: हा शब्द असेल तर अमुक, नसेल आणि तो असेल तर तमुक, तोही नसेल आणि तिसरा असेल तर आणखी काही. वीस पायऱ्यांची अशी एक शिडी मी स्वतः बांधलेली आहे, आणि तिच्यातील सतरावी पायरी चौथीची हुबेहूब नक्कल आहे हे दोन वर्षांनी माझ्या लक्षात आले. तो शब्द चौथ्या पायरीवरच अडत असल्यामुळे सतरावीवर त्याचे पाऊल कधी पडलेच नव्हते, आणि तिच्याखाली मी हौसेने लिहिलेले दहा ओळींचे काम दोन वर्षे तसेच निजून होते. स्विचमध्ये एक शब्द दोनदा लिहिला तर कंपायलर जागच्या जागी हरकत घेतो. वेगाच्या गोष्टी लोक पुष्कळ सांगतात. मला विचाराल तर एवढ्या एका हरकतीसाठीच शिडी सोडून स्विचकडे यावे.

शब्दांचा स्विच कंपायलर आतून कसा उलगडतो, याचा तपशील तिसऱ्या प्रकरणात आहे. येथे त्याचा मासला तेवढा दाखवितो. जावामध्ये प्रत्येक शब्दाची एक संख्या काढण्याची रीत ठरलेली आहे आणि त्या संख्येला हॅश म्हणतात. पहिल्या अक्षराची संख्या घ्यावयाची, तिला ३१ ने गुणून दुसऱ्या अक्षराची संख्या मिळवावयाची, आलेल्या बेरजेला पुन्हा ३१ ने गुणून तिसऱ्याची मिळवावयाची, आणि शब्द संपेपर्यंत असेच चालावयाचे. या रीतीने ‘हो’ची संख्या ७५,५७० येते आणि ‘ना’ची ७५,०३०. प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या शब्दांच्या संख्या कंपायलर आधीच काढून त्यांचे खण मांडून ठेवतो. पुढे प्रत्यक्ष चालण्याच्या वेळी बाहेरून शब्द आला की त्याची संख्या काढली जाते, ती पाहून खण गाठला जातो, आणि त्या खणात ठेवलेल्या शब्दाशी आलेल्या शब्दाची अक्षरश: रुजुवात घेतली जाते. ती पटली म्हणजे एका चिठ्ठीवर वाटेचा अनुक्रम टिपला जातो, आणि मग साध्या अनुक्रमांवर चालणारा दुसरा स्विच ती चिठ्ठी पाहून कामाला हात घालतो. लिहिणाऱ्याने लिहिलेला स्विच एक. कंपायलरने घडविलेले दोन.

संख्या जुळल्यावर पुन्हा रुजुवात कशाला, अशी शंका वर्गात हटकून निघते, आणि तिच्या निरसनार्थ मी फळ्यावर ‘दे’ आणि ‘धन’ हे दोन शब्द लिहितो. ‘द’ची संख्या २३४२, तिला ३१ ने गुणले की ७२,६०२, तीत एकाराच्या चिन्हाचे २३७५ मिळविले की ७४,९७७. आता ‘ध’ची संख्या २३४३, तिला ३१ ने गुणले की ७२,६३३, तीत ‘न’चे २३४४ मिळविले की पुन्हा ७४,९७७! बेरीज पुरी होईपर्यंत कोणाचा विश्वास बसत नाही, आणि पुरी झाल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी ‘दे धन’ असे म्हणतोच. यात चमत्कार काही नाही: ‘द’कडून ‘ध’कडे एक घर पुढे सरकल्यामुळे ३१ वाढले, आणि एकारापासून ‘न’ बरोबर एकतीस घरे मागे असल्यामुळे तितकेच घटले. ‘खा’ आणि ‘गट’, ‘गा’ आणि ‘घट’, ‘जा’ आणि ‘झट’ या जोड्याही याच हिशेबाने एका खणात येऊन पडतात. इंग्रजी पुस्तके या ठिकाणी मोठा ए व त्यापुढे लहान ए, आणि त्याच्याशी जुळणारे दोन मोठे बी, हे उदाहरण देतात. दोहोंची संख्या २११२ भरते खरी, परंतु त्या जोड्यांना काही अर्थ नाही, आणि ज्याच्या हातात ‘दे’ आणि ‘धन’ आहे त्याने तिकडे कशाला जावे? सदाशिव पेठ व नारायण पेठ यांचा पिनकोड एक असतो, तसाच हा प्रकार. संख्येवर विसंबून जो कंपायलर रुजुवात टाळील, तो ‘दे’ म्हणणाऱ्याला धनाच्या वाटेवर नेऊन सोडील.

इतिहासाचे एक लहानसे प्रकरण या पुस्तकात आहे आणि ते लहानच ठेवले आहे. व्यापारी कामासाठी घडलेल्या कोबॉल भाषेत रकान्यातील अक्षराला अर्थाचे नाव देण्याची सोय आहे. रकान्यात ‘एम’ असेल तर त्याला ‘विवाहित’ म्हणावे असे एकदा अठ्ठ्याऐंशी या पातळी-क्रमांकाच्या ओळीत नमूद केले की पुढे सर्वत्र ‘विवाहित असेल तर’ असेच लिहिता येते, आणि ही सोय मला आजच्या कित्येक नव्या भाषांपेक्षा समंजस वाटते. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत फार्बर, ग्रिसवोल्ड आणि पोलोन्स्की यांनी केलेली स्नोबॉल ही भाषा तर सर्वस्वी शब्दांचीच होती: नमुना जुळला तर या खुणेकडे, न जुळला तर त्या खुणेकडे, असे तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला लिहिता येई. तिचा उपयोग आता फारसा कोणी करीत नाही. परंतु यशाची वाट आणि अपयशाची वाट एकाच ओळीत शेजारीशेजारी दिसावी, ही तिची शिस्त पुढच्यांनी उचलली असती तर बरे झाले असते. १९७९ च्या युनिक्समध्ये स्टीफन बोर्न यांच्या शेलने शब्दांची केस आणली, आणि ती संपल्याची खूण म्हणून केस हाच शब्द उलटा फिरवून एसॅक असा लिहावयास लावला. हे पाहून मुले हसतात, पण एकदा हसली की विसरत नाहीत. सी भाषेच्या स्विचमध्ये प्रत्येक वाटेच्या अखेरीस ब्रेक लिहावा लागतो, आणि तो राहिला तर यंत्र न थांबता शेजारच्या वाटेत शिरते. भलत्या ठिकाणी पडला तर त्याहून अनर्थ. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे दूरध्वनीजाळे सुमारे नऊ तास विस्कळीत झाले, त्याच्या मुळाशी एका स्विचच्या पोटातील इफमध्ये लिहिलेला असाच एक ब्रेक होता.

माझ्या हातून घडलेली चूक इतकी ऐतिहासिक नव्हती, पण ती मी जवळून पाहिली असल्यामुळे तिची हकीकत सांगतो. एका पतसंस्थेचे कर्जखाते जुन्या कोबॉलमधून जावात उतरवून देण्याचे काम मी घेतले होते. अर्जाची स्थिती लिहिण्याचा रकाना दहा अक्षरांचा होता, आणि मंजुरीचा इंग्रजी शब्द पडला आठ अक्षरांचा. उरलेल्या दोन जागा कोबॉल कोऱ्या अक्षरांनी भरून ठेवते, आणि तुलना करण्याच्या वेळी आखूड शब्दाला तशाच कोऱ्या जागा जोडून त्याला समोरच्याच्या उंचीचा करून घेते, त्यामुळे इतकी वर्षे त्या दोन जागा कोणाच्या डोळ्यांवर आलेल्या नव्हत्या. जावाला हे सौजन्य ठाऊक नाही. तिच्या दृष्टीने आठ अक्षरांचा शब्द निराळा आणि मागे दोन कोऱ्या जागा असलेला दहा अक्षरांचा निराळा. येथपर्यंत दोष भाषांच्या रीतिभेदाचा म्हणता येईल. पुढचा मात्र निखालस माझा. मंजूर, प्रलंबित आणि नामंजूर अशा तीनच स्थिती आहेत, तेव्हा पहिल्या दोन नसतील तर तिसरीच असणार, असा हिशेब करून मी नामंजुरीची वाट स्वतंत्र लिहिलीच नव्हती. डीफॉल्टच्या, म्हणजे ‘इतर’ या खणात ती ढकलून दिली होती. सोमवारी सकाळी नवे खाते सुरू झाले आणि दुपारपर्यंत, ज्यांची कर्जे आठवड्यापूर्वी मंजूर झाली होती त्यांच्या नावे दिलगिरीची पत्रे छापून तयार झाली. एक गृहस्थ दोन्ही पत्रे घेऊन आले, टेबलावर शेजारीशेजारी ठेवली, आणि आवाज यत्किंचितही न चढविता म्हणाले, “साहेब, यातले खरे कोणते तेवढे सांगा, म्हणजे दुसरे फाडून टाकतो.”

मी पडद्यावर तो शब्द वीस वेळा वाचला आणि वीसही वेळा तो बरोबर होता. शेवटी सहज रकान्यात कर्सर ठेवून मी एंडची कळ दाबली. कर्सर शब्दाच्या शेवटच्या अक्षरापाशी थांबावयाचा, तो दोन घरे पुढे रिकाम्या जागेत जाऊन लुकलुकत राहिला. त्या दिवसापासून ‘इतर’ या खणात मी कोणाचेही काम ठेवीत नाही. तेथे पडणाऱ्या शब्दाची अवतरणचिन्हांत घालून नोंद करावी, म्हणजे पुढेमागे असलेल्या कोऱ्या जागा उघड्या पडतात, आणि पुढचा व्यवहार थांबवून माणसाला हाक मारावी, एवढेच त्या खणाचे काम. टपालखात्यातही पत्ता न लागलेले पत्र कोणी जवळच्या गावाला देऊन मोकळे होत नाही.

कोरी जागा निदान कर्सरला तरी सापडते. मराठी शब्दांच्या ठिकाणी याहून बारीक खोड्या दडलेल्या असतात, आणि इंग्रजी पुस्तकांत त्यांचा उल्लेखही सापडत नसल्यामुळे या पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मी त्यांना दिला आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातील आडवा रफार टंकण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत: एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात, दुसरीत साधा ‘र’ घेऊन त्याचा पाय मोडतात आणि पुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. कागदावर दोन्ही शब्द एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. यंत्राच्या लेखी पहिला सात संख्यांचा आहे आणि दुसरा आठ संख्यांचा. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वीचे लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवीत, आणि अजूनही पुष्कळजण भागवितात. भिन्न रीतींनी लिहिलेले एकच अक्षर एका रूपात आणण्याचे प्रमाणीकरण युनिकोडने ठरवून दिलेले आहे, आणि ‘र’खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ ते मुकाट्याने सरळ करून घेते. परंतु वर सांगितलेली जोडचिन्हाच्या ‘र’ची आणि चंद्र चढविलेल्या ‘अ’ची रूपे त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचा बंदोबस्त ज्याचा त्याने करावयाचा.

यापुढचा प्रश्न लिपीचा नाही, भाषेचा आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ‘नांव’ आणि ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार उतरविले. जुने दप्तर संगणकात चढविताना ते अनुस्वार तसेच चढतात आणि नव्या अर्जातील ‘नाव’ त्यांना ओळख दाखवीत नाही. कुलकर्णी आणि कुळकर्णी हे दोन शब्द एकाच घराच्या दोन पिढ्यांचे असू शकतात, आणि तितक्याच संभवाने दोन निराळ्या घरांचेही असू शकतात. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला यातील निम्मे प्रश्न पडतच नसत, कारण मोडीच्या वळणात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळण्याची चाल नव्हती. एका अर्थाने मोडी ही शब्दांना तुलनेआधी एका रूपात आणणारी लिपीच होती. अर्थात त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होत, आणि संदर्भ पाहून वाचणारा मनुष्य समोर असल्याखेरीज असे चालत नाही. तुर्की भाषेत टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. तुलनेपूर्वी सर्व अक्षरे लहान करून घेणारा, पुण्यात वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम तुर्की वळणाच्या संगणकावर पाऊल टाकताच अडखळतो, तो मोठ्या आयचे लहान रूप तेथे बिनटिंबाचे होत असल्यामुळे. सौजन्याचा अतिरेकही उपयोगाचा नाही. पीएचपी भाषेत २०२० मधील आठव्या आवृत्तीपर्यंत शून्य ही संख्या आणि आकड्याने सुरू न होणारा कोणताही शब्द यांची तुलना केली तर ती दोन्ही सारखीच ठरत, आणि त्या भाषेचा स्विच याच मापाने मोजीत असल्यामुळे शून्य आत आले की शब्दांची पहिलीच वाट त्याला आपली म्हणून कवटाळी.

या सर्व खटाटोपाला कंटाळून काही जाणते लोक असे म्हणतात की, शब्दांवर वाट निवडूच नये. प्रत्येक स्थितीला एक बांधील नाव, म्हणजे इनम, द्यावे आणि प्रोग्रॅमभर तेच वापरावे, की चुकीचे नाव लिहिल्यास कंपायलरच हात धरील. हे मत मला निम्मे मान्य आहे. आतल्या व्यवहारात शब्द खेळवू नयेत हे खरे; पण बाहेरून जे येते ते शब्दच असते. अर्ज भरणारा मनुष्य शब्द लिहितो, दुसऱ्या कचेरीतून येणारी फाइल शब्द आणते, आणि कोठे तरी एका देवडीवर त्या शब्दाचे इनम करून देणारा स्विच कोणाला तरी लिहावाच लागतो. नाना टांकसाळींचे रुपये बाजारात चालत असत तेव्हा खजिन्यात भरणा घेण्यापूर्वी पोतदार प्रत्येक नाणे पारखून घेई, आणि आत गेल्यावर कोणी पुन्हा ते वाजवून पाहत नसे. त्याच धर्तीवर, कोऱ्या जागा छाटणे, अक्षरांची रूपे एक करणे, मान्य पर्यायांच्या यादीशी ताडून पाहणे, हे सारे देवडीवर एकदाच उरकावे, अशी या पुस्तकाची भूमिका आहे. प्रत्येक स्विचच्या तोंडाशी थोडी थोडी पारख करणारे प्रोग्रॅम मी पुष्कळ पाहिले आहेत; त्यांच्यात एका ठिकाणी कोऱ्या जागा छाटलेल्या असतात आणि दुसऱ्या ठिकाणी नसतात, आणि दुरुस्ती कोठे करावी हे त्यांच्या कर्त्यालाही सांगता येत नाही. वाटा फार झाल्या, किंवा प्रोग्रॅम न बदलता त्यांत भर घालावयाची असली, तर स्विचही सोडून शब्दापुढे कामाचे नाव लिहिलेले कोष्टक ठेवावे. पायथॉनच्या लोकांना मॅच हे वाक्य ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाले, तोवर त्यांनी डिक्शनरीच्या असल्या कोष्टकांवर संसार केला आणि त्यांचे काही अडले नाही.

परिभाषेविषयी दोन शब्द. स्ट्रिंगला ‘अक्षरमाला’ आणि कंपायलरला ‘संकलक’ म्हणावे असा आग्रह काही मित्रांनी धरला होता. त्यांच्या भाषाप्रेमाविषयी मला आदर आहे, परंतु ज्या खोलीत बसून हे काम होते तेथे हे शब्द कानी पडत नाहीत, आणि पुस्तक मिटून कामाला बसलेल्या मुलाला पुन्हा तर्जुमा करीत बसावे लागू नये म्हणून मी रूढ शब्दच ठेवले आहेत. जेथे मराठीत पूर्वापार नेमका शब्द होता, जसा रुजुवात, तेथे तो निःसंकोच वापरला आहे.

मुद्रिते तपासताना घडलेली एक गोष्ट सांगून लेखणी ठेवतो. सूची करण्यासाठी मी ‘दुसऱ्या’ हा शब्द सबंध पुस्तकात शोधला, तो बावीस ठिकाणी सापडला. संशय आला म्हणून पेन्सिल घेऊन पानोपान मोजले, तर चौतीस भरला. त्या अधिक बारा जागा मी घरच्या जुन्या संगणकावर लिहिलेल्या दोन प्रकरणांतील निघाल्या, आणि त्या साऱ्या आठ संख्यांच्या होत्या. त्या सरळ करून घेतल्या. त्यानंतर ‘पायऱ्या’मध्ये एक सापडला आणि ‘वाऱ्या’मध्ये आणखी एक. छापलेल्या प्रतीत असा एखादा राहून गेला असेल, तर तो वाचकाला दिसणार नाही, आणि मलाही दिसलेला नाही.